जुनी मोटारसायकल कमी पैशांत उभी करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते येथे सोप्याकडून अवघडाकडे असे लावले आहेत. उत्तरे देणारा मी व्यवसायाने मिस्त्री नाही. रविवारी हात काळे करून चार गाड्या उभ्या केलेला आणि त्यात पुरेशा चुका केलेला माणूस आहे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे आले असेल, तर तेथे केवळ त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पैसे मोजकेच आहेत. कोणती जुनी गाडी हातात घ्यावी?

जिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, ती. या एका कसोटीवर १९८५ मध्ये आलेली हिरो होंडा सीडी १०० आणि १९९४ ची स्प्लेंडर या गाड्यांना तोड नाही, कारण त्यांच्या ९७.२ सीसी इंजिनाच्या घराण्यातील भाग आजही चोपड्यापासून शहाद्यापर्यंत कोणत्याही दुकानात मिळतात. राजदूत १७५ चे दोन-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून चालणारे) इंजिन इतके साधे आहे की थोडक्या पान्यांत ते पूर्ण उघडता येते. मात्र तिच्या भागांसाठी शोधाशोध करावी लागते. यामाहा आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले आणि त्यानंतर तिची मागणी इतकी वाढली की आज मोडकी गाडीही चालत्या गाडीच्या भावात मागतात. हात आखडता असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. येझदी आणि जावा यांचे भाग हौशी लोकांसाठी नव्याने तयार होतात, पण भावही हौशीचाच असतो.

गाडी घरातीलच असेल, आजोबांची किंवा मामांची, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. त्यांनी थेट प्रश्न १४ पाहावा.

२. गाडी स्वस्तात मिळते आहे, पण कागद अर्धवट आहेत. घ्यावी का?

घेऊ नये. भुसावळच्या एका वयस्कर मिस्त्रींनी मला पहिल्याच भेटीत ऐकवले होते, "कागद नही ते गाडी भंगारच शे." त्यांचे म्हणणे मी त्या वेळी मनावर घेतले नाही आणि पहिली गाडी अखेर सुट्या भागांच्या भावात विकली.

किमान इतके पाहावे. आर.सी. पुस्तकातील चासीचा (सांगाड्याचा) क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या ठशांशी स्वतः जुळवावेत; ठशावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की पुसट अंकही उमटतात. अंकांभोवती घासल्याच्या खुणा, वेल्डिंग किंवा एखादाच अंक वेगळ्या उंचीचा दिसला, तर तेथूनच परत फिरावे. विकणारा आर.सी.वरचाच मालक असावा. तीन हात फिरलेली आणि सह्या केलेले कोरे 'टीटी फॉर्म' (नाव बदलण्याचे अर्ज) सोबत असलेली गाडी म्हणजे डोकेदुखी असते, कारण सही जुळली नाही तर पहिल्या मालकाला शोधत फिरावे लागते. आर.सी.वर बँकेचा बोजा नोंदलेला असेल, तर बँकेचा दाखला आणि नमुना ३५ लागतो. नाव बदलण्यासाठी नमुना २९ व ३०, आणि गाडी दुसऱ्या जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयातील असेल तर नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते; धुळ्याची एमएच-१८, जळगावची एमएच-१९ आणि नंदुरबारची एमएच-३९ ही मालिका पाहिली की काम किती लांबणार याचा अंदाज येतो.

फार जुन्या गाड्यांची नोंद अनेकदा 'वाहन' या संगणकीय प्रणालीत चढलेलीच नसते. सौदा करण्यापूर्वी क्रमांक टाकून पाहावे; नोंद दिसली नाही, तर मूळ नोंदणी कार्यालयात 'बॅकलॉग'ची नोंद (जुनी नोंद संगणकावर चढवणे) करून घ्यावी लागेल, हे धरूनच भाव करावा. नोंदणी रद्द होऊन भंगारात निघालेली गाडी मात्र रस्त्यावर परत आणण्याचा विचारही करू नये.

३. गाडी पाहायला जाताना सोबत काय न्यावे आणि काय तपासावे?

टॉर्च, प्लग पाना, एक जुनी चिंधी आणि गाड्या कळणारा एखादा मित्र न्यावा. गाडी थंड असतानाच पाहावी. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल, तर सकाळी सुरू होताना ती किती त्रास देते हे कळत नाही. इंजिनापेक्षा चासी अधिक बारकाईने पाहावी, कारण इंजिन बदलण्याजोगे भाग जोडून उभे राहते, वाकलेली चासी मात्र सहज सरळ होत नाही. स्टँडची जोड, सीटखालची नळी आणि हँडलच्या 'टी'जवळचा भाग येथे तडे शोधावेत. पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवावे. मध्यभागी ते खटकन अडकले, तर बॉल-रेसर (हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंगे) गेले आहेत, पण तो खर्च किरकोळ असतो.

४. सगळे मिळून नेमका किती खर्च येतो?

भाव गावागणिक आणि दुकानागणिक बदलतात, म्हणून नियम सांगण्याऐवजी माझ्या राजदूतची वही उघडतो. ठरवले होते पंधरा हजार. झाले ते असे : बोअर (सिलिंडर आतून कापून मोठा करणे), पिस्टन, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग आणि ऑईल सील मिळून ८,६००, टायर, ट्यूब आणि तारा ५,२००, वायरिंग व बॅटरी २,७००, ब्रेक, केबल आणि चाकांची बेअरिंगे १,९००, रंग ३,४००, सीट ९००, कागदपत्रे ४,१००. एकूण २६,८००, आणि त्यात गाडीची किंमत किंवा माझ्या चौदा महिन्यांच्या रविवारांची मजुरी धरलेली नाही.

यांपैकी जवळजवळ दोन हजार रुपये मी स्वतःच्या हाताने वाया घालवले. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गाडी घरच्यांना दाखवायची होती म्हणून मी आधी रंग करून घेतला. नंतर इंजिन बसवताना स्टँडच्या जोडीपाशी केसासारखा तडा दिसला, वेल्डिंग करावे लागले आणि नव्या रंगाचा वीतभर पापुद्रा जळून उभा राहिला. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे : कागद, चासी, ब्रेक आणि टायर, इंजिन, वायरिंग, आणि सर्वांत शेवटी रंग.

५. गाडी दहा वर्षे गोठ्यात उभी आहे. किक मारून बघू का?

कृपया मारू नका. निदान एअर फिल्टरचा डबा उघडल्याशिवाय तर नकोच. आपल्याकडे गाडी जिथे उभी असते तिथेच बहुधा कापूसही साठवलेला असतो, आणि उंदराला फिल्टरच्या डब्यापेक्षा सुरक्षित जागा मिळत नाही. एका गाडीच्या डब्यातून मी ओंजळभर सरकीसह कापूस, दोन भुईमुगाच्या शेंगा आणि पतंगाचा मांजा काढला होता. किक मारली असती, तर तो कापूस कार्ब्युरेटरमार्गे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातून) थेट आत गेला असता. सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारीण माशीचे मातीचे घर असते, तेही काढावे.

त्यानंतर प्लग काढून त्या छिद्रातून दोन-तीन चमचे पातळ ऑईल, किंवा डिझेल आणि ऑईल यांचे मिश्रण सोडावे आणि दोन दिवस थांबावे. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने अगदी हळू पुढे-मागे हलवावे. चिकटलेला पिस्टन सुटला, तर चाकाबरोबर इंजिन फिरू लागते. सुटला नाही, तर पुन्हा ऑईल सोडून आठवडाभर वाट पाहावी. उभे राहून किकवर जोर दिला, तर चिकटलेली रिंग तुटते आणि सिलिंडरला ओरखडा पडतो. ऑईलचे काम मग बोअरवर जाते.

६. टाकी आतून गंजली आहे. नवी घ्यावी लागेल का?

बहुतेक वेळा लागत नाही. पेट्रोलचा कॉक काढून भोक बंद करावे, टाकीत मूठभर छोटे नट किंवा जुन्या चेनचा तुकडा घालावा, थोडे पाणी टाकून दहा-पंधरा मिनिटे हलवावे आणि सुटलेला गंज ओतून द्यावा. नंतर टाकी पांढऱ्या व्हिनेगरने भरून एक-दोन दिवस ठेवावी. व्हिनेगर काढल्यावर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवावी, नाहीतर उरलेले आम्ल तासाभरात पुन्हा तांबूस गंज आणते. लगेच वाळवावी, एप्रिल-मे महिन्यांत हे काम जळगावचे ऊन फुकटात करते. वाळताच आतून ऑईलचा हात फिरवावा किंवा पेट्रोल भरावे.

टाकीला आधी पेट्रोल लागलेले असेल, तर वेल्डिंगसाठी ती कधीही तशीच नेऊ नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या पेट्रोलपेक्षा अधिक धोकादायक असते.

७. गाडी सुरू होते, पण चोक काढला की बंद पडते. प्लग तर नवा आहे.

दोष कार्ब्युरेटरच्या पायलट जेटचा (कमी रेसवर पेट्रोल देणाऱ्या बारीक छिद्राच्या पितळी भागाचा) असतो, दहापैकी नऊ वेळा. उभ्या गाडीतले पेट्रोल उडून जाते आणि खालच्या वाटीत मधासारखा हिरवट-पिवळा चिकट थर उरतो. तोच केसाएवढ्या छिद्रात बसतो. जेट काढून पेट्रोलमध्ये किंवा कार्ब क्लीनरमध्ये भिजवावा, पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्यावी आणि उजेडाकडे धरून छिद्र गोल दिसते का ते पाहावे. त्यात तार घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र मोठे झाले की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते.

यानंतरही तक्रार राहिली, तर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधील रबराला किंवा पॅकिंगला चीर आहे का, ते तपासावे. तेथून फालतू हवा आत गेली की हीच लक्षणे दिसतात.

८. गाडी धूर देते. बोअर करणे भाग आहे का?

धुराचा रंग आणि इंजिनाचा प्रकार पाहिल्याशिवाय कोणी बोअर सांगत असेल, तर दुसरा मिस्त्री शोधावा. चार-स्ट्रोक गाडीत (उदा. स्प्लेंडर) निळसर धूर थंड असताना घोटभर येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हचे सील गेलेले असू शकते, आणि ते स्वस्तातले काम आहे. सतत निळा धूर आणि खाली जाणारी ऑईलची पातळी म्हणजे रिंग आणि बोअर. दोन-स्ट्रोक गाडीत थोडा धूर स्वाभाविकच असतो. परंतु पांढरा दाट धूर येऊन गिअरबॉक्सचे ऑईल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचे क्रँकचे (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचे) ऑईल सील फाटलेले असते. सीलची किंमत शेकड्यांत असते आणि बोअरची हजारांत, त्यामुळे हा फरक कळणे महत्त्वाचे आहे.

बोअर करायचाच असेल, तर पिस्टन आधी विकत घ्यावा आणि तो लेथवाल्याच्या हातात द्यावा. पिस्टन मोजून सिलिंडर कापला जातो, उलटे नव्हे. पिस्टन साधारणपणे ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिलिमीटर अशा वाढीव मापांत मिळतात. शेवटच्या मापापर्यंत गेलेल्या सिलिंडरला नवा लायनर (आतली नवी नळी) टाकता येतो.

९. सुटे भाग मूळ घ्यावेत, नकली घ्यावेत की भंगारातून?

तिन्ही, पण वेगवेगळ्या जागी. मडगार्ड, हेडलाइटची डबी, साइड पॅनल, लिव्हर हे भंगारातून आणावेत. जुना पत्रा नव्या नकली पत्र्यापेक्षा जाड निघतो. पिस्टन, बेअरिंग, ऑईल सील आणि ब्रेक शू नवे आणि नावाजलेल्या कंपनीचेच घ्यावेत. केबल आणि रबरी भाग साध्या दुकानातले चालतात. क्रोम उडालेली हँडल लगेच प्लेटिंगला देऊ नये; गंज वरवरचा असेल, तर स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून घासली की बराचसा भाग उजळतो.

१०. खर्च कुठे मुळीच वाचवू नये?

ब्रेक आणि टायर. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवर छापलेले शेवटचे चार अंक वाचावेत. २३१४ म्हणजे २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात इतक्या वर्षांचे रबर लाकडासारखे कडक होते. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. दुरुस्त केलेल्या गाडीची पहिली परीक्षा चाळीसगावहून कन्नडच्या घाटात घेणारे लोक मला माहीत आहेत. त्यांनी ती सपाट रस्त्यावर घ्यावी.

११. रंग घरी करता येतो का?

येतो, फक्त ऋतू सांभाळावा लागतो. वैशाखात थिनर पृष्ठभागावर पसरण्याआधीच उडतो, रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो आणि वर काळ्या मातीची धूळ चिकटते. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने रंगावर दुधी छटा येते. दिवाळी ते होळी हा काळ आणि सकाळची शांत हवा सर्वांत चांगली. कष्टाचा नव्वद टक्के भाग घासकामात असतो, आणि ते घरी केले तर पेंटर फक्त फवारणीचे पैसे घेतो. मला हाच मधला मार्ग परवडला. टाकीला साधा एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) रंग देऊन थांबू नये, कारण सांडलेल्या पेट्रोलने तो विरघळतो. वर हार्डनर मिसळलेले क्लियर (पारदर्शक थर) हवेच. ते फवारताना साधा रुमाल पुरत नाही, योग्य मास्क लागतो.

रंग बदलायचा असेल, तर आधी प्रश्न १२ वाचावा.

१२. कॅफे रेसर (शर्यतीच्या धाटणीची छाटलेली गाडी) करायची आहे. हँडल, सीट, सायलेन्सर, रंग यांतले काय कायद्याने चालते?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चे सार असे की आर.सी.त नोंदलेला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका पुन्हा स्पष्ट केली. नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. चासी कापणे, मागची नळी छाटून गोल वळवणे या गोष्टी त्यामुळे बाद होतात. रंग हा आर.सी.वरचा तपशील आहे, म्हणून परिवहन कार्यालयात अर्ज करून तो नोंदवून घ्यावा. सीटचे कव्हर, हँडलच्या मुठी, आरसे, मूळ जागी बसणारे वेगळे मडगार्ड यांत हौस भागवता येते, आणि माझ्या मते तेवढ्यात गाडी पुरेशी देखणी होते.

सायलेन्सर पोकळ करू नये. आवाजासाठी दंड आहेच, शिवाय दोन-स्ट्रोक इंजिनाची ताकद सायलेन्सरच्या आतल्या रचनेवर अवलंबून असते. ती काढली की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. तो काजळीने तुंबला असेल, तर आतली नळी काढून साफ करणे हा खरा उपाय आहे.

१३. इंजिन निकामी झाले. दुसऱ्या गाडीचे बसवले तर?

परवानगी आधी, पान्याला हात नंतर. इंजिन क्रमांक आर.सी.वर असतो, त्यामुळे त्याच मॉडेलचे इंजिनही पूर्वपरवानगीशिवाय बसवता येत नाही आणि दुसऱ्या इंजिनाच्या मालकीचा पुरावा द्यावा लागतो. कमी बजेटमध्ये सोपा मार्ग असा की दुसऱ्या इंजिनाचे आतले भाग काढून ते मूळ क्रमांकाच्या केसिंगमध्ये (इंजिनाच्या बाहेरच्या कवचात) बसवावेत. क्रमांक केसिंगवर असतो, क्रँकवर नाही.

१४. गाडी आजोबांच्या नावावर आहे, ते वारले, आणि आर.सी. सापडत नाही.

ही गुंतागुंत दिसते तितकी वाईट नाही, कारण गाडी घरातच राहिलेली आहे. आर.सी. हरवल्याची पोलिसांत नोंद करून नमुना २६ वर दुय्यम प्रत, आणि मृत्यूचा दाखला व वारसांचे कागद जोडून नमुना ३१ वर हस्तांतर, अशी दोन कामे आहेत. इतर वारसांची संमती लागते, म्हणून काका-आत्यांशी आधीच बोलून घ्यावे. गाडी भंगार होती तोवर कोणाला नको असते. चकाकू लागली की सर्वांनाच आठवण येते. हे सर्व रंगापूर्वी उरकावे.

१५. पंधरा वर्षे उलटली आहेत. गाडी चालवता येते का?

नूतनीकरण केल्यास येते. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर नमुना २५ वर दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलीसाठी हे शुल्क १,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ मध्ये ते २,००० करण्यात आले. महाराष्ट्राचा पर्यावरण कर त्याशिवाय असतो. गाडी निरीक्षकासमोर चालत न्यावी लागते, म्हणून दिवे, हॉर्न आणि ब्रेक त्यापूर्वी तयार हवेत. विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते. पीयूसीची मर्यादा गाडीच्या वयानुसार ठरते : ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के, त्यानंतरच्या जुन्या गाड्यांना ३.५ टक्के. पायलट जेट साफ असेल (प्रश्न ७), तर राजदूतही यात बसते.

१६. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलवर जुनी गाडी चालते का?

चालते, पण लक्ष द्यावे लागते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढते, पाणी टाकीच्या तळाशी साचते आणि गंज तेथूनच सुरू होतो. जुने पेट्रोल पाइप आणि रबरी रिंगा फुगतात किंवा तडकतात. पाइप नवा टाकावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवावे. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने मिश्रण किंचित पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. प्लगचे टोक तांबूस-तपकिरीऐवजी पांढरे दिसू लागले, तर मेन जेट (जास्त रेसवर पेट्रोल देणारा जेट) एक माप मोठा लावून पाहावा.

१७. बोअर नवा, तरी जळगावहून धुळ्याला जाताना उन्हात इंजिन जाम झाले. मिस्त्री म्हणतो, उन्हामुळेच.

ऊन निमित्त असते. नव्या बोअरवर पहिले पाचशे किलोमीटर थांबत-थांबत चालवायचे असतात, आणि सलग नव्वदेक किलोमीटरची महामार्गाची फेरी त्या यादीत बसत नाही. सिलिंडरच्या बाहेरच्या थंड करणाऱ्या पात्यांमध्ये वाळलेला चिखल आहे का, गाडी दोन-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमधील ऑईलचे प्रमाण बरोबर होते का, आणि मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचे क्रँक सील हवा ओढते का, हे तपासावे. हे सील गेले की मिश्रण पातळ होते, रेस आपोआप वाढते आणि पिस्टन तापून फुगतो. चालत्या गाडीत इंजिन जड होऊ लागल्याचे जाणवताच क्लच दाबावा, नाहीतर मागचे चाकही अडकते.

१८. माझी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे. तिला विंटेजची वेगळी पाटी मिळते का?

मिळू शकते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मोठे बदल न केलेली दुचाकी या वर्गात येते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. मात्र अशी गाडी प्रदर्शन, विंटेज रॅली, देखभाल, इंधन भरणे अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. ज्यांना तिच्यावरून रोज मळ्यात जायचे आहे, त्यांनी या वाटेला न जाता प्रश्न १५ मधले साधे नूतनीकरण करावे.